लाकडाची वखार

'वखार' हा शब्द उच्चारला म्हणजे आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लाकडाचा किंवा कोळशाचा ढीग उभा राहतो. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी अशी एक वखार होती. तीत एक मोठी तागडी होती, कुऱ्हाड होती, आणि उधारीच्या वहीवर मान घालून बसलेला एक मालक होता. या शब्दाने एके काळी राजे सावध होत असत, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पुढे इतिहासाच्या पुस्तकात सुरतेची वखार, राजापूरची वखार, वेंगुर्ल्याची वलंदेजांची वखार अशी नावे भेटली. पण ती नावेच राहिली. वखारीत माल कोठे ठेवीत, गुमास्ता कोठे निजे, दाराशी कोण येऊन उभे राही, हे डोळ्यांनी पाहण्याचा योग आम्हांस साठी उलटल्यावर आला. आणि तोही राजापुरास किंवा वेंगुर्ल्यास नव्हे, तर आमच्या ऐरोलीपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर.

आमची कन्या व जावई तिकडे व्हँकूव्हर शहराजवळ नोकरीनिमित्त राहतात. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. पर्वत पाहून झाले, बागा पाहून झाल्या, आणि पाहुण्यास आता काय दाखवावे असा प्रश्न यजमानांस पडू लागला, तेव्हा आमची दहा वर्षांची नात मदतीस धावली. "आजोबा, तुम्हाला किल्ले आवडतात ना? मग आमच्या शाळेने दाखवला तो किल्ला बघायला चला," असे म्हणून तिने आम्हांस फोर्ट लँगली येथे नेले.

किल्ला म्हटल्यावर महाराष्ट्रातील माणसाच्या मनात ज्या अपेक्षा उभ्या राहतात त्या वाचकांस सांगावयास नकोत. चढून दम लागावा, तुटलेल्या पायऱ्या मोजाव्यात, टाक्याचे पाणी प्यावे, हे सारे मनात धरून आम्ही गाडीतून उतरलो आणि पाहतो तो एका सपाट, हिरव्या जागेवर टोके तासलेल्या उंच खांबांची रांग उभी! तट लाकडाचा, बुरूज लाकडाचा, वेसही लाकडाचीच. आमच्या सौभाग्यवतींनी क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "अहो, ही तर नुसती लाकडाची वखार आहे!"

त्यांनी थट्टेने म्हटले ते अक्षरशः खरे होते. 'फोर्ट' असे नाव धारण करून बसलेली ही वास्तू म्हणजे हडसन बे कंपनीचे व्यापारी ठाणे. जनावरांची केसाळ कातडी विकत घेण्यासाठी कंपनीने १८२७ साली फ्रेझर नदीच्या काठी ते वसविले. १८३९ साली ते जुनी जागा सोडून नदीच्या वरच्या अंगास हलविले, पुढच्याच वर्षी ते जळाले, पुन्हा उभारले गेले, आणि १८८६ साली बंद झाले. त्यानंतर लाकूड कुजावयाचे तसे कुजत गेले. एक कोठार तेवढे तगले. १९५८ साली त्या प्रांताची शताब्दी यावयाची होती, त्या निमित्ताने जुने आराखडे व उत्खनन यांच्या आधाराने बाकीच्या इमारती पुन्हा बांधून काढण्यात आल्या. म्हणजे आज जे दिसते त्यात एक कोठार अस्सल, आणि बाकीचे सारे आमच्याहून फार वडील नाही.

या कंपनीचे व आमचे जुने नाते आहे, हे आम्हांस तेथे गेल्यावर उमगले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने पोर्तुगीज राजकन्येशी लग्न केले, आणि त्या लग्नाच्या करारात त्यास मुंबई मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे. हे बेट त्यास परवडेना, तेव्हा १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६७० च्या मे महिन्यात, याच राजाने दुसऱ्या एका मंडळीस सनद दिली, आणि हडसन उपसागरास मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश तीस देऊन टाकला. हा प्रदेश केवढा आहे, तेथे कोण राहते, हे देणाऱ्यास ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यासही नव्हते. या दुसऱ्या दानाचा खंड तर अधिकच नवलाचा होता. राजा जेव्हा जेव्हा त्या प्रदेशात पाऊल टाकील तेव्हा तेव्हा दोन सांबरे व दोन काळे बीव्हर त्यास नजर करावेत, एवढाच तो खंड. ऐरोलीच्या आमच्या खिडकीतून खाडीपलीकडे मुंबईचे दिवे दिसतात. ते बेट आणि ही नदी एकाच माणसाने सुरू करून दिलेल्या धंद्यात ओढली गेली, हा विचार त्या कोठाराच्या उंबऱ्याशी आम्हांस चाटून गेला.

ते अस्सल कोठार मात्र पाहण्यासारखे आहे. आत काळोख, जमीन फळ्यांची, आणि आढ्यापासून ओळीने लोंबणारी कातडी. कोल्ह्याचे, अस्वलाचे, ऊदमांजराचे. त्यांत मान बीव्हरचा. हा प्राणी नदीत राहतो, दातांनी झाडे पाडून बांध घालतो, आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. त्याचे दुर्दैव त्याच्या अंगावरच्या बारीक लवेत होते. वरच्या राठ केसांखाली जी मऊ लव असते, तिच्या प्रत्येक केसाला सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ती दाबली असता एकमेकींत गुंतून तिचा घट्ट नमदा होतो. या नमद्याची टोपी पावसात विरघळत नसे. युरोपातील प्रत्येक प्रतिष्ठित गृहस्थास अशी टोपी पाहिजे होती, आणि त्या टोपीखातर अडीचशे वर्षे एका खंडातील नद्या धुंडाळल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमी टोपीची चाल पडली, तेव्हा कोठे बीव्हर वाचला. आमच्याकडे त्या लोकांस 'टोपीकर' म्हणत. हे नाव इतके समर्पक असेल, याची ते ठेवणाऱ्यांस कल्पना नसावी.

नाणे तेथे चालत नसे. उत्तम वाढलेल्या बीव्हरचे एक कातडे हेच नाणे, आणि इतर सर्व वस्तूंचे मोल त्यात सांगावयाचे. अमुक कातड्यांस बंदूक, अमुक कातड्यांस तांब्याचे भांडे, अमुक कातड्यांस घोंगडी. गावगाड्यात पायली-अधोलीने देणेघेणे होत असे, त्याचाच हा एक प्रकार. कंपनीची पांढरी घोंगडी तेथे मांडली आहे. तिच्या टोकांस हिरवा, तांबडा, पिवळा व निळा असे चार पट्टे आहेत. तिच्या काठाशी लहान लहान काळ्या रेघा विणलेल्या असतात. त्या रेघा म्हणजे घोंगडीची किंमत, जितक्या रेघा तितकी कातडी, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्या रेघा तिचे आकारमान सांगतात. कातडी दाबून त्यांचे नव्वद पौंडांचे गठ्ठे बांधण्याचा लाकडी दाब बाजूसच उभा आहे. आमच्या नातीने त्याच्या दांड्यास लोंबकळून पाहिले. तो हलला नाही.

पलीकडे पिंपे करणाऱ्याचा कारखाना. या ठाण्यास कातड्यांपेक्षा माशांनीच पुढे अधिक हात दिला. नदीत सामन मासा लोटत असे. तेथील क्वांटलेन व इतर मूळ लोक तो पकडून आणीत, त्यांच्या बायका तो साफ करीत, कंपनी तो मिठात घालून पिंपांत भरी आणि हवाई बेटांस रवाना करी. हवाईचे मजूर, स्कॉटलंडचे कारकून, फ्रेंच बोलणारे नावाडी, आणि त्यांनी घरात आणलेल्या तेथल्याच बायका, असा तो अठरापगड संसार या लाकडी तटाच्या आत चाले. जुन्या काळचा वेष घातलेला एक तरुण तेथे पिंपाची फळी तासून दाखवीत होता; लोहाराच्या भात्यापुढे दुसरा एक खिळे घडवीत होता. मुलांनी प्रश्न विचारावेत, त्यांनी हसून उत्तरे द्यावीत, असे सारे आनंदाने चालले होते.

आमच्या सौभाग्यवतींस काही तरी चुकल्यासारखे वाटत होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मासे खारवायची जागा म्हणतात, आणि वास कसा तो नाही!" आम्ही दिवा कोळीवाड्याजवळ राहणारी माणसे, खारवलेल्या माशाचे गाव नाकाने ओळखणारी. हजारो मासे कापले जात होते, ओली कातडी वाळत होती, त्या जागेस ताज्या तासलेल्या लाकडाचा सुगंध येत होता. पुन्हा बांधलेल्या वास्तूची ही अडचण आहे. भिंत पुन्हा उभारता येते, अवजार पुन्हा घडविता येते, पण भाव ठरताना तराजूच्या दोन बाजूंस उभ्या राहिलेल्या माणसांच्या मनात काय होते, ते सुताराच्या हाती येत नाही. मग राहते ती कारागिरी. आणि कारागिरी ही नेहमीच निष्पाप दिसते.

शेवटी आम्ही ठाण्याच्या मुख्य वाड्यात गेलो. खाली मोठे दालन, मेज, खुर्च्या. १९ नोव्हेंबर १८५८ रोजी, बाहेर पाऊस पडत असता, याच जागी जेम्स डग्लस याने ब्रिटिश कोलंबिया वसाहतीचा गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. त्या वर्षी फ्रेझरच्या वाळूत सोने सापडले होते. कॅलिफोर्नियाकडून हजारो लोक धावून आले, आणि हा मुलूख अमेरिका गिळील या भीतीने इंग्लंडच्या सरकारने तो घाईघाईने कंपनीच्या छायेतून काढून राणीच्या छत्राखाली घेतला. त्यासाठी केलेल्या कायद्यास २ ऑगस्ट १८५८ रोजी राणीची संमती मिळाली.

ही तारीख वाचून आम्ही जागच्या जागी थबकलो. त्याच दिवशी, त्याच पार्लमेंटाच्या दुसऱ्या एका कायद्यासही तशीच संमती मिळाली होती. त्या कायद्याने हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून काढून राणीच्या हाती दिला. १ नोव्हेंबरला आमच्याकडे राणीचा जाहीरनामा वाचला गेला, आणि अठरा दिवसांनी या लाकडी दालनात तोच सोहळा झाला. एका दुकानाचे राज्य झाले ते कोट्यवधी माणसांच्या देशात. दुसऱ्याचे झाले ते अरण्यात. आणि दोन्ही खाती एकाच दिवशी मिटवून शिल्लक एकाच मालकिणीच्या नावे ओढली गेली.

मग आम्हांस स्फुरण चढले. बाहेर बाकावर बसून आम्ही नातीस राजापूरची कथा सांगितली. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहराचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपले निशाण घेऊन शिवाजी महाराजांवर गोळे टाकावयास कसे गेले, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर येऊन त्या 'व्यापाऱ्यांस' कसे कैदेत घातले, ते सांगितले. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला तोही सांगितला: हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे, यांस वखारीस जागा देणे भागच पडले तर ती समुद्रकाठी देऊ नये, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. आमचे शहाणे लोक ओळखून होते, इथल्यांस ते कळले नाही एवढेच, असाही शेरा आम्ही मारला. कोलंबसाच्या चुकीमुळे यांचे नाव 'इंडियन' पडले. तेव्हा नावानेही आपण भाऊबंद आणि दुःखानेही, असे म्हणून आम्ही भाषण संपविले. अन्याय सोसलेल्यांच्या पंक्तीस बसण्यात एक सुख असते. ते त्या क्षणी आम्ही मनमुराद भोगीत होतो.

नात ऐकत होती. तिने नदीच्या बाजूस बोट दाखवून म्हटले, "आजोबा, ते लोक तिथे राहतात." नदीच्या चिंचोळ्या फाट्यापलीकडे एक सखल बेट होते, झाडांत घरे दिसत होती. क्वांटलेन लोकांची वस्ती आजही तेथे आहे. बेटाचे नाव मात्र मॅकमिलन. ज्या कंपनीच्या अंमलदाराने १८२७ साली हे ठाणे वसविले, त्याचे.

तेथे आमच्या भाऊबंदकीस पहिला तडा गेला. आमच्याकडे इंग्रजांनी राज्य नेले, धन नेले. पण शेतकरी बहुधा शेतावर राहिला आणि कोळी खाडीवर राहिला. येथे जमीनच गेली. देवीच्या साथींनी वस्त्या ओस पडल्या, सोन्यामागून वसाहतवाले आले, मोजणीदार आले, आणि ज्यांचा सारा नदीकाठ होता त्यांस लहानसे तुकडे राखून ठेवण्यात आले. पुढे त्यांची मुलेदेखील घरांतून काढून दूरच्या वसतिशाळांत घातली गेली. राज्य गेलेल्याचे दुःख आणि पायाखालची जमीन गेलेल्याचे दुःख, ही एक नव्हेत.

"आमच्या शाळेत सगळे जमले की आधी सांगतात," नात म्हणाली, "आपण कोणाच्या जमिनीवर आहोत ते. आजोबा, ऐरोलीत आपण कोणाच्या जमिनीवर आहोत?"

"आपल्या स्वतःच्या," आम्ही म्हणालो. "हप्ते फेडून घेतलेले घर आहे."

"घर नाही हो. जमीन."

आम्ही उत्तर दिले नाही. तिनेही आग्रह धरला नाही; ती सोने चाळण्याच्या पन्हळीकडे पळाली.

त्याच आठवड्यात कन्येने आम्हांस शहरातील मोठ्या बाजारात नेले. हडसन बे कंपनीचे तेथील भव्य दुकान दिवाळे निघाल्यामुळे विक्रीस काढले होते. फळ्या रिकाम्या होत्या, फळ्यांवरही किमतीच्या चिठ्ठ्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या घोंगड्या केव्हाच संपल्या होत्या. १ जून २०२५ रोजी कंपनीची उरलेली सर्व दुकाने बंद झाली. तिची वडील बहीण, ईस्ट इंडिया कंपनी, १ जून १८७४ रोजीच निजधामास गेली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी अर्धा खंड जीस आंदण मिळाला, तिचा शेवट आम्ही असा मांडण्यांच्या लिलावात पाहिला, आणि आश्चर्य हे की आम्हांस आनंद झाला नाही. मनात नातीचा प्रश्न होता.

घरी परत आलो. ऐरोलीत आम्ही राहावयास आलो ते खाडीवरचा पूल १९९९ साली खुला होण्याच्या थोडे आधी. त्या वेळी येथे येणे म्हणजे रानात येणे, असे आप्तेष्ट म्हणत, आणि आम्हीही 'येथे काहीच नव्हते' असे पुढे पंचवीस वर्षे सर्वांस सांगत आलो. 'येथे काहीच नव्हते' हे वाक्य दुसरा चार्ल्सही बोलला असता, हे आता ध्यानात येते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भाताची खाचरे, मिठागरे, खाजणे, सारी त्यात आली. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात त्यांच्यावर गोळीबार होऊन पाच माणसे मेली. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. हे सारे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले होते; परंतु ते 'त्यांचे प्रकरण' म्हणून वाचले होते.

आमच्या दाराशी दिवा कोळीवाड्यातील एक कोळीण कित्येक वर्षे मासे घेऊन येते. परतल्यावर ती प्रथम आली तेव्हा आम्ही विचारले, "मावशी, तुम्ही मूळच्या इथल्याच ना?"

"मंग कुठल्या?" ती हसून म्हणाली. मग तिने कोयत्याचे टोक आमच्या इमारतीकडे वळविले. "तुमची बिल्डिंग हाय ना, तिकरं आमचे सासऱ्याचा शेत व्हता. पावसाल्यान भात, नि खारीन मासली." आणि लगेच, "काका, चिंबोऱ्या घ्या, जित्या हायेत."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पंचवीस वर्षे ती ज्या जागेवर आम्हांस मासे विकीत होती, ती जागा तिच्या घरची होती, आणि आम्ही तिच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करीत होतो. मासे साफ करणारी बाई एका बाजूस आणि भाव करणारा दुसऱ्या बाजूस: लँगलीच्या कोठारात जे पुन्हा उभे करता आले नव्हते, ते आमच्या उंबऱ्यावर दर आठवड्यास घडत होते.

दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. येथे परका राजा नव्हता. कायदा होता, मोबदला होता, कमी पडला तेव्हा भांडावयास मार्ग होता, आणि लक्षावधी लोकांस डोक्यावर छप्पर मिळाले, त्यांत आम्हीही आहोत. ते छप्पर सोडून आम्ही कोठे जाणार नाही, तेव्हा उगाच गळा काढण्यातही अर्थ नाही. पण राजापूरची कथा सांगताना आम्ही नेहमी तटाच्या बाहेर उभे राहत होतो. आपण आतही असू शकतो, हे कळावयास लाकडाची वखार पाहावी लागली आणि दहा वर्षांच्या मुलीने विचारावे लागले. ऐरोलीत कोणी जुन्या मिठागराची प्रतिकृती उभारलेली आमच्या ऐकिवात नाही. उद्या उभारली, तर तीही सुंदर होईल, मुले मीठ ओढून पाहतील, आणि तीसही वास नसेल. त्याआधी ज्यांस वास ठाऊक आहे, त्यांस विचारून घेणे बरे.

गेल्या रविवारी नातीचा फोन आला. तिचा प्रश्न ती विसरली असेल असे वाटले होते; तरी आम्ही आपण होऊन उत्तर दिले. ही जमीन आगरी आणि कोळी लोकांची, असे सांगितले. आणि गावांची नावे सांगितली: दिवा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, घणसोली. तिने ती एकेक करून म्हणून पाहिली. 'घणसोली' तिला नीट जमेना. आम्ही ते पुन्हा सावकाश म्हणून दाखविले.